स्वमग्न तरुणांचे कामाचे शिक्षण : मदत देणे आणि मदत काढून घेणे



आपल्या शाळेचे जुने पट उघडून पाहिले तर त्यांत बहुधा एखादे नाव असे आढळते की, ज्याच्यापुढे शाळा सोडल्याचे कारण म्हणून 'प्रगती नाही' किंवा 'सतत गैरहजर' एवढेच शब्द लिहिलेले असतात. तो मुलगा कदाचित आपणांस आठवतही असेल. वर्गात तो पेन्सिली एका ओळीत मांडीत बसे. घंटा झाली की दोन्ही कान झाकून घेई. प्रश्न विचारला असता उत्तर न देता तोच प्रश्न पुन्हा उच्चारी. तो आज पंचवीस वर्षांचा झाला आहे. कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत तो घराच्या पडवीत दिवसभर बसून असतो. वडील थकले आहेत. बाजाराच्या दिवशी गाठ पडली की त्याची आई विचारते, "गुरुजी, माझ्या माघारी याचं कसं व्हायचं?"

या प्रश्नाचे उत्तर केवळ दयेने देता येत नाही. ते शिक्षणानेच द्यावे लागते. म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या पुस्तिकेत घेतला आहे. अशा प्रौढ व्यक्तीला एखादे उपयुक्त काम, कोणी शेजारी उभे न राहता, स्वतःचे स्वतः करता येईल अशा रीतीने कसे शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शिकवणारे हात आई, भाऊ, शेजारी किंवा रोपवाटिकेचा मालक यांचे असतील. परंतु शिकवण्याची रीत त्यांना समजावून देण्याचे काम गावात शिक्षकाइतके चांगले दुसरा कोण करू शकेल?

स्वमग्नता म्हणजे काय

इंग्रजीत जिला ऑटिझम म्हणतात, तिला मराठीत स्वमग्नता हा शब्द आता रूढ झाला आहे. ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून तिचे सविस्तर वर्णन केले. दुसऱ्याच्या मनातील हेतू ओळखणे, बोलण्यातील आडवळणाचा अर्थ जाणणे, चालू असलेला क्रम अकस्मात बदलला असता तो सोसणे, या गोष्टी स्वमग्न व्यक्तीला कठीण जातात. आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श यांपैकी काही तिला असह्य वाटते, तर काही इतके आवडते की ते सोडवत नाही. काही स्वमग्न माणसे उत्तम बोलतात, काहींना बोलता येत नाही. काहींची बुद्धी तल्लख असते, तर काहींच्या ठायी बौद्धिक दिव्यांगताही असते. त्यामुळे एका स्वमग्न व्यक्तीवरून दुसरीविषयी अनुमान करू नये.

आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असा समज एके काळी पाश्चात्त्य देशांत शिकल्यासवरल्या लोकांतही होता. तो संपूर्णपणे चुकीचा ठरला आहे. तसेच ही करणी नव्हे, बाधा नव्हे आणि मनोविकारही नव्हे. कर्जतजवळ वेणगाव येथे डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी कार्य करते आणि त्या कार्याबद्दल त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते कार्य थोर आहे. परंतु ती व्यथा निराळी. मनोविकार औषधोपचाराने आटोक्यात येऊ शकतो. स्वमग्नता बरी करावयाची नसते. तिच्यासह जगण्याची व काम करण्याची वाट तयार करावयाची असते.

एका शेतकऱ्याच्या घरची हकीकत

कॅनर यांनी वर्णन केलेल्या अकरा मुलांत पहिला होता डोनाल्ड ट्रिप्लेट. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. १९४२ साली, वयाच्या नवव्या वर्षी, आईवडिलांनी त्याला गावापासून सुमारे दहा मैलांवर राहणाऱ्या एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडे ठेवले. तीन वर्षांनी डॉ. कॅनर स्वतः तेथे गेले आणि जे दिसले ते पाहून थक्क झाले.

त्या शेतकऱ्याने मुलाची कोणतीही सवय मोडून काढली नव्हती. डोनाल्डला प्रत्येक वस्तू मोजण्याचा छंद होता. म्हणून शेतकऱ्याने त्याला विहीर खणावयास लावून ती किती खोल गेली ते सांगण्याचे काम दिले. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजीत बसे. तेव्हा नांगर हाती देऊन नांगरता नांगरता त्या मोजण्यास सांगितले. डॉ. कॅनर यांच्या देखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला घोडा व नांगर व्यवस्थित वळवला. तेथील खेड्यातील शाळेने त्याचे विक्षिप्तपण चालवून घेतले आणि अभ्यासातही त्याची चांगली प्रगती झाली. पुढे तो १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने कित्येक वर्षे नोकरी केली, मोटार चालवली, देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, आपल्याच गावात निवर्तला.

त्याचे घराणे संपन्न होते आणि ती बँकही त्याच्या घराण्याशी संबंधित होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. आपल्या वाडीतील तरुणाच्या पाठीशी बँक नाही. परंतु विहीर, शेत, नांगर आणि खेड्यातील शाळा यांपैकी आपल्याकडे काय नाही? त्या शेतकऱ्याजवळ ग्रंथ नव्हते. त्याने एवढेच पाहिले की, हा मुलगा जे आपण होऊन करतो त्याला काम जोडता येईल काय. आपणही येथूनच आरंभ करावयाचा आहे.

कामाची निवड

प्रथम आठ दिवस काहीच शिकवू नये. केवळ पाहावे व लिहून ठेवावे. तो आपण होऊन कशाला हात लावतो? मांडतो, निवडतो, घड्या घालतो, पाणी ओततो, की चालत राहतो? कोणत्या वेळी शांत असतो? कोणत्या आवाजाने कावराबावरा होतो? किती वेळ एका जागी टिकतो? हे सारे आईला ठाऊक असते. पण तिला हे कोणी विचारलेले नसते.

नंतर गावातील कामे पाहावीत. कर्जत व खालापूर तालुक्यांत भातशेती आहे, भातगिरण्या आहेत, रोपवाटिका आहेत, कुक्कुटपालनगृहे आहेत. नेरळ-कर्जतच्या बाजूस मुंबईकरांची शेतघरे व विश्रामगृहे उभी राहिली आहेत. तेथे चादरी-टॉवेलांच्या घड्या, बागकाम व भांडी हे नित्याचे काम आहे. खोपोली व पाताळगंगा भागांतील कारखान्यांत माल मोजून खोक्यांत भरण्याची कामे असतात. ओळीत मांडणाऱ्याला अंडी जाळीत भरण्याचे काम साजेल. पाण्यात रमणाऱ्याला रोपांना पाणी घालण्याचे. चालत राहणाऱ्याला एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे. ज्याला यंत्राचा आवाज सोसत नाही त्याला भातगिरणीत पाठवणे हा जुलूम होय. आणि तो तेथे किंचाळला तर दोष त्याचा नव्हे, निवडीचा आहे.

निवडीत त्याचेही मत घ्यावे. बोलता येत नसेल तर दोन कामांची चित्रे किंवा प्रत्यक्ष साधने पुढे ठेवावीत. प्रौढ माणसाला नको असलेले काम नाकारण्याचा अधिकार आहे. मुलींच्या बाबतीत तर हा विचार अधिकच आवश्यक आहे. स्वमग्न मुलीला घरकामात राबवून घेतले जाते, पण मोबदल्याचे काम तिला शिकवावे असे कोणाच्या मनातही येत नाही. ती जेथे काम करील तेथे विश्वासातील एखादी स्त्री असावी, एवढी दक्षता घेऊन तिलाही तीच संधी द्यावी.

कामाचे टप्पे

आपण पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवताना त्याचे अवयव सुटे करतो. कामाचेही तसेच करावयाचे. उदाहरणार्थ, रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचे काम घेऊ. आपल्या दृष्टीने ते एकच काम आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती सात कामे आहेत :

१. गठ्ठ्यातून एक पिशवी घेणे.
२. तिचे तोंड उघडून ते बिनबुडाच्या डब्याच्या खालच्या काठावर चढवणे.
३. डब्यातून दोन मापे माती ओतणे.
४. पिशवी जमिनीवर दोनदा हलकेच आपटणे.
५. आणखी एक माप माती ओतणे.
६. डबा काढून घेणे.
७. पिशवी चौकटीच्या रिकाम्या घरात उभी ठेवणे.

हे टप्पे टेबलाशी बसून लिहू नयेत. ते काम आधी स्वतः दहा वेळा करावे, म्हणजे कोठे हात अडतो ते समजते. पिशवीचे तोंड उघडे धरून त्याच वेळी माती ओतणे अवघड जाते असे दिसले, म्हणूनच येथे बिनबुडाचा डबा आला. 'अंदाजाने भर' हे सांगणे त्याला समजत नाही, म्हणून माप आले. साधन बदलून अडचण नाहीशी होत असेल तर माणसाला शिकवीत बसू नये.

सामान डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडावे : रिकाम्या पिशव्या, डबा, माती व माप, आणि शेवटी चौकट. मग एक टप्पा संपला की पुढची वस्तूच त्याला पुढचे काम सांगते. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ती सात चित्रे एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवावीत. ठाकूर व कातकरी वाड्यांतील घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळी असते. तेथे चित्रांचा उपयोग विशेषच होतो. जेथे शब्द वापरावा लागेल तेथे त्याच्या घरचाच शब्द वापरावा.

मदत देण्याचा क्रम

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घरोघर असे आढळते की, तरुण काम करतो आणि आई शेजारी बसून म्हणत असते, "घे. उघड. ओत. आपट. ठेव." आई थांबली की हातही थांबतो. लोक म्हणतात, हा आळशी आहे. वस्तुतः तो आळशी नाही. जे शिकवले ते तो तंतोतंत शिकला आहे. त्याला पिशवी भरण्यास शिकवलेले नाही; आवाज ऐकून हात हलवण्यास शिकवलेले आहे. आवाज हा त्याच्या कामाचा एक टप्पाच होऊन बसला आहे, आणि ज्या दिवशी आई नसेल त्या दिवशी तो टप्पा गळून पडणार आहे.

म्हणून तोंडाने सूचना देणे ही मदत सर्वांत सोपी वाटली तरी काढून घेण्यास ती सर्वांत कठीण होय. तिच्याऐवजी पुढील पद्धत ठेवावी. शिकवणाऱ्याने समोर न बसता मागे किंवा बाजूस उभे राहावे, म्हणजे त्याचे लक्ष आपल्या चेहऱ्याकडे न जाता कामाकडे राहते. आरंभी, त्याची हरकत नसेल तर, त्याच्या हातावर हात ठेवून मुकाट्याने सर्व टप्पे करवून घ्यावेत. स्पर्श सहन होत नसेल तर आपण शेजारी दुसरा संच घेऊन तेच काम करून दाखवावे किंवा वस्तूकडे बोट करावे. हिसका, जबरदस्ती किंवा रागावणे यांना येथे स्थान नाही.

पुढे हात क्रमाक्रमाने मागे घ्यावा : पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, आणि नंतर केवळ जवळ उभे राहणे. प्रत्येक वेळी मदत करण्यापूर्वी मनात दहा अंक मोजावेत. हे दहा अंक फार मोलाचे आहेत. स्वमग्न व्यक्तीला विचार जुळवण्यास वेळ लागतो. आपण घाईने हात पुढे करतो आणि तिचा विचार अर्धवट तोडतो. शेवटी आपणही दूर सरकावे : एक पाऊल, मग दाराशी, मग दाराबाहेर. दाराबाहेर गेल्यावर काम चालू राहिले तरच ते शिकून झाले असे समजावे.

जेथे अनेक टप्पे आहेत तेथे शेवटच्या टप्प्यापासून शिकवण्याची एक उपयुक्त युक्ती आहे. पहिले सहा टप्पे आपण त्याच्याबरोबर करावेत आणि सातवा, म्हणजे पिशवी घरात ठेवणे, एवढाच त्याने एकट्याने करावा. तो जमला की सहावा व सातवा. नंतर पाचवा, सहावा व सातवा. या रीतीत प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याच्याच हातून मिळते.

फलकावरील चार उत्तरे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने १९७२ साली स्वमग्न व्यक्तींच्या शिक्षणाचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू झाला. टीच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कार्यक्रमातील एक साधी कल्पना आपल्या उपयोगी पडेल. कामाच्या जागेने, कोणी न बोलता, चार प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : कोणते काम करावयाचे? किती करावयाचे? संपले हे कसे ओळखावयाचे? आणि त्यानंतर काय?

आपल्या उदाहरणात चित्रांचा पुठ्ठा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. वीस घरांची लाकडी चौकट दुसऱ्याचे व तिसऱ्याचे उत्तर देते. वीस घरे भरली की काम संपले. चौकटीशेजारी चहाच्या पेल्याचे चित्र लावले की चौथे उत्तर मिळते. 'दुपारपर्यंत भरत राहा' असे सांगितले असता जो तरुण अस्वस्थ होऊन उठून जातो, तोच वीस घरांची चौकट पुढे ठेवल्यावर शांतपणे बसू शकतो. काम नकोसे नसते. ज्याचा अंत दिसत नाही असे काम नकोसे असते. आपणा सर्वांचीही हीच स्थिती नाही काय?

शिकला नाही तर दोष कोणाचा

शिक्षकांना नोंदवही ठेवण्याची सवय असतेच. ती येथे लावावी. सात टप्प्यांच्या सात ओळी आखून रोजच्या रकान्यात तीन खुणांपैकी एक करावी : हात धरून केले, खुणेने केले, स्वतः केले. सलग पाच दिवस 'स्वतः'ची खूण आली की त्या टप्प्यावरील मदत कायमची बंद करावी. एखाद्या टप्प्यावर दोन आठवडे एकच खूण येत राहिली तर मुलाकडे न पाहता टप्प्याकडे पाहावे. तो मोठा आहे काय? त्याचे दोन करता येतील काय? साधन बदलता येईल काय?

मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १९७२ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना काहीही शिकता येणार नाही असे मानले जात होते, अशा तीव्र बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना त्याने सायकलचा गुंतागुंतीचा ब्रेक सुट्या भागांतून जोडण्यास शिकवले. भाग क्रमाने मांडून ठेवले, बोलणे अगदी थोडे ठेवले, आणि त्या व्यक्ती ते काम करू लागल्या. त्याच्या शिकवणुकीचे सार असे की, शिकणारा शिकत नसेल तर शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावी. त्या व्यक्ती स्वमग्न म्हणून निवडलेल्या नव्हत्या. परंतु हा धडा सर्वांनाच लागू आहे. जुन्या पटावर 'प्रगती नाही' हे शब्द ज्या रकान्यात लिहिले गेले, तो रकाना मुलाचा होता. खरे पाहता त्यातील निम्मी नोंद आपल्या रीतीची होती.

कामाच्या ठिकाणी

घरच्या अंगणात आलेले काम रोपवाटिकेत येईलच असे नाही. स्वमग्न व्यक्तीचे शिक्षण जागेला चिकटते. डबा बदलला, झाड नाही तर छप्पर आले, एवढ्यानेही ते नवे काम होते. म्हणून शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष जागीच शिकवावे आणि घरचीच चौकट व पुठ्ठा तेथे न्यावा. आधी अनेक वर्षे तयारी व मग नोकरी, यापेक्षा आधी जागा व मग त्याच जागी शिक्षण, हा क्रम परदेशांत १९८० नंतर अधिक यशस्वी ठरला आहे.

मालकाला पुढील गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात. सूचना थोडक्यात व सरळ द्यावी. थट्टेने किंवा उपरोधाने बोलू नये, कारण तो शब्दाचा शब्दशः अर्थ घेतो. तो डोळ्याला डोळा देत नाही याचा अर्थ तो उर्मट आहे असा नव्हे. बदल करावयाचा असेल तर आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगावा. मन अस्वस्थ झाले तर थोडा वेळ बसावयास एक शांत कोपरा ठरवून द्यावा. एका सहकाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी. पण सहकाऱ्याने त्याचे काम करू नये. त्याच्यासमोर 'याला काय कळतंय' असे कोणी म्हणू नये, आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणून हाक मारू नये.

कामाबरोबर आणखी काही गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि पुष्कळदा नोकरी त्यांच्या अभावीच जाते : मदत मागणे, 'नको' म्हणणे, शौचास जाण्याची परवानगी सांगणे, दुखले तर दाखवणे, मधल्या सुट्टीत कोठे बसावयाचे हे जाणणे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या खिशात 'मदत हवी', 'थांबा', 'दुखते' अशी तीन चित्रपत्रे द्यावीत. प्रवासही टप्प्यांनीच शिकवावा. कर्जत-खोपोली गाडीने दोन स्थानके जाणे हे पिशवी भरण्यासारखेच सुटे करून शिकवता येते : प्रथम बरोबर बसून, मग दुसऱ्या बाकावर, मग दुसऱ्या डब्यात, आणि शेवटी उतरण्याच्या फलाटावर वाट पाहत.

आपल्या भागात पावसाळा हा मोठाच बदल असतो. आषाढात मोकळ्यावरचे काम बंद पडते, पायवाटा वाहून जातात, गाड्या अडकतात. रोजचा क्रम असा अचानक तुटला की आठ महिन्यांत आलेले काम विस्कटते. म्हणून पावसाळ्यात छपराखाली करावयाचे दुसरे काम मेअखेरपर्यंतच शिकवून ठेवावे आणि दिनदर्शिकेवर बदलाचा दिवस त्याच्याकडूनच रंगवून घ्यावा.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. कौतुक म्हणून चहा-बिस्किटे देणे म्हणजे मजुरी नव्हे. जितके काम तितके दाम मिळाले पाहिजे, ते त्याच्या हातात किंवा त्याच्या नावाच्या खात्यात पडले पाहिजे आणि त्यातील काही भाग त्याने स्वतः निवडलेल्या वस्तूवर खर्च झाला पाहिजे. निमूटपणे राबणारा माणूस फसवला जाण्याचा संभव अधिक असतो. त्याच्या बाजूने विचारणारा गावात कोणी तरी असावा.

कायद्याचा व संस्थांचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासकीय नोकऱ्यांत या कायद्याने ठेवलेल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी मिळून आहे. कोणत्याही सवलतीसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र लागते. आपल्या भागात अनेक प्रौढांची तपासणी कधी झालेलीच नसते, किंवा लहानपणी त्यांच्यावर 'मतिमंद' एवढाच शिक्का बसलेला असतो. त्यांच्या पालकांना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करण्यास सांगावे. अर्ज भरून देण्याचे काम शिक्षक सहज करू शकतील.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गरज असल्यास कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावयाचा असतो. याच न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा निर्णय आहे. चौकट, साधने किंवा प्रवास यांसाठी ग्रामसभेत मागणी करण्यास हरकत नाही.

खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे विभागीय केंद्र आहे. पनवेलमार्गे ते आपल्याला फार दूर नाही. पेण येथील सुहित जीवन ट्रस्ट आपल्याच जिल्ह्यात बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे कार्य करते. कर्जत मार्गावरच बदलापूर येथे पालकांनी एकत्र येऊन उभारलेली 'आधार' ही संस्था आहे. बौद्धिक दिव्यांग प्रौढ व्यक्ती तेथे कायमच्या राहतात व आपल्या कुवतीप्रमाणे कामे करतात. 'माझ्या माघारी काय' हाच प्रश्न त्या पालकांपुढेही होता. मात्र प्रत्येक वाडीतील तरुण संस्थेत जाऊ शकणार नाही, आणि सर्वांनी जावे असेही नाही. ज्याला गावातच राहून काम करता येईल त्याचे स्थान गावातच असावे.

उपसंहार

स्वमग्न व्यक्ती काही तरी अलौकिक बुद्धीची असते, अशी चित्रपटांनी पसरवलेली कल्पना घेऊन या कामास लागू नये. तसेच वीस पिशव्या म्हणजे काय मोठे, असेही म्हणू नये. काहींना वीस पिशव्यांपर्यंत पोहोचण्यास एक वर्ष लागेल. काही जण संपूर्ण रोपवाटिका सांभाळतील. आणि काहींना जन्मभर कोणाची तरी सोबत लागेल. सोबत लागणे यात कमीपणा नाही. परंतु जी मदत नको होती तीही आपण देत राहिलो, म्हणून एखादा माणूस परावलंबी राहिला, तर तो मात्र आपला दोष ठरेल.

शिक्षकाचे यश असे की, विद्यार्थ्याला एके दिवशी त्याची गरज राहत नाही. इतर मुलांच्या बाबतीत हे आपोआप घडते. येथे ते योजून, मोजून, एक एक बोट मागे घेत घडवावे लागते. येत्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने एवढेच करावे : शाळेचा जुना पट उघडावा, ते एक नाव शोधावे, आणि त्या घरी जाऊन आईला प्रथम हा प्रश्न विचारावा की, तो आपण होऊन काय करतो? तिच्या उत्तरातच पहिल्या कामाची खूण सापडेल.